"मला पण घ्या" म्हणायला पोरं शिकतात कशी?

गवतीचहा
मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागाच काढते.

जूनमध्ये आम्ही नाशिक सोडून पुण्यात हिंजवडीच्या बाजूला राहायला आलो. लेक दुसरीत आहे. नाशिकला जुनी इमारत, खाली बोळ, समोर मारुतीचं देऊळ. पोरं कधी जमायची आणि कधी पांगायची, आम्हाला पत्ताही नसायचा. इथे सात विंगा. हिरवळ आहे, पण तिच्यावर पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी पार्किंगच्या रॅम्पजवळ पंधरा-वीस मुलं जमतात. लेक खाली जातो, खांबाला टेकून उभा राहतो आणि जेवायच्या वेळेला वर येतो. विचारलं तर "खेळलो" म्हणतो. गॅलरीतून मला दिसत असतं.

नवरा म्हणतो, सोड, रुळेल. सासूबाई म्हणतात, खाली जा आणि "ह्याला पण घ्या रे" म्हण. शेजारीण म्हणाली, क्लबहाउसमध्ये शनिवारी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटची बॅच असते, स्टेज डेअरिंग, आय कॉन्टॅक्ट, मित्र कसे जोडावेत, सगळं शिकवतात. फी ऐकून मी आधी पाणी प्यायले.

तर प्रश्न असा, की चार जणांत मिसळणं मुलं शिकतात कुठे? ते शिकवता येतं का? आणि आईबापांनी नेमकं कुठपर्यंत हात घालायचा? लहान मुलांचेच नाही, मोठ्या मुलांचेही अनुभव सांगा.

खारीबिस्कीट
वाचतेय. आमच्याकडे उलट आहे. चार वर्षांची कन्या बागेत दिसेल त्या मुलाला मिठी मारते आणि ती मुलं रडत पळतात. रुमाल टाकून ठेवते.

पाटीपेन्सिल
गवतीचहाताई, मी सांगली जिल्ह्यात बालवाडीत उभी हयात काढली, त्या जोरावर लिहिते. खांबाला टेकून उभा राहणारा मुलगा काहीच करत नाही, असं समजू नका.

मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी अमेरिकेत मिनेसोटातल्या एका बालवाडीत दोन ते पाच वर्षांची मुलं खेळताना कशी वागतात याच्या बारीक नोंदी केल्या. तो अभ्यास १९३२ साली छापून आला. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, ठरवून मिळून खेळणं असे प्रकार त्यांनी पाडले. त्यात "नुसतं बघत राहणं" हाही एक वेगळा प्रकार धरला. आमच्या प्रशिक्षणात ही पायरी-पायरीची शिडी म्हणून शिकवायचे. प्रत्यक्षात मुलं शिडीबिडी काही चढत नाहीत. एकाच सकाळी एकच मूल चारही प्रकार करतं. पुढे १९८० मध्ये बेकमन आणि ब्राउनली या दोघांनी दाखवलं की शेजारी बसून आपापलं खेळणं हा बऱ्याचदा गटात शिरायचा रस्ताच असतो.

आमच्या अंगणातलं सांगते. दोन मुली वाळूच्या ढिगाशी करवंट्या घेऊन भाकऱ्या थापत होत्या. तिसरी नवीन, आईचा पदर नुकताच सुटलेला. आधी लांबून बघत राहिली. मग एक फुटकी करवंटी शोधून आणली आणि त्या दोघींपासून हातभर अंतरावर बसून स्वतःची भाकरी थापायला लागली. कुणाशी बोलली नाही. बऱ्याच वेळाने कुणाकडेही न बघता म्हणाली, "माझी भाकरी करपली." त्या दोघींतली एक लगेच वळली, "चूल बारीक कर की मग!" झाली आत. मी मध्ये पडून "हिला पण घ्या गं" म्हटलं असतं, तर त्यांनी बाईंच्या धाकाने घेतलं असतं आणि माझी पाठ वळली की चुलीपासून लांब बसवलं असतं.

म्हणून सासूबाईंचा उपाय शेवटचा ठेवा.

घाटमाथा
मित्र जोडण्याची बॅच! उद्या शिंकण्याची बॅच काढतील.

आमच्या साताऱ्याच्या आळीत पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं एकत्र असायची. बारकं पोरगं आलं की ते लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद झालं तरी बाद होत नाही, डबा ऐसपैसमध्ये त्याला कुणी हुडकतही नाही, पण ते खेळात असतं. पळतं, लपतं, ओरडतं, नियम कानावर पडत राहतात. मग एके दिवशी कुणीतरी म्हणतं, "आता हा मोठा झाला, ह्याच्यावर राज्य धरायचं." त्या दिवशी पोरगं रडत घरी येतं, कारण पहिलंच राज्य संपता संपत नाही. पण दुसऱ्या दिवशी परत जातं.

ह्यात सगळं आलं. मोठ्याने लहानाला सांभाळून घ्यायचं, लहानाने बघून शिकायचं, आणि रडीचा डाव खेळलं की काय होतं ते सगळ्यांच्या देखत कळायचं. शिकवायला मास्तर नव्हता. आता एकाच वयाची वीस पोरं एका वर्गात, एका क्लासात, एका बॅचमध्ये कोंबतात. लिंबूटिंबू व्हायला जागाच नाही. पहिल्या दिवसापासून सगळे पक्के भिडू.

तिरफळ
घाटमाथा, लिंबूटिंबूपुरतं शंभर टक्के मान्य. "ह्यात सगळं आलं" हे मात्र मान्य नाही.

त्याच आळ्यांमध्ये दिवेलागणीला मुलींना हाक यायची आणि मुलगे पुढे तासभर खेळत राहायचे. पायात अधू असलेला आमच्या चाळीतला एक मुलगा वर्षानुवर्षं फक्त चपला राखायला होता. तो लिंबूटिंबू नव्हता, चपला राखणारा होता. कोणत्या घरातल्या पोरांना हाक मारायची आणि कोणत्या नाही, हे कुणी शिकवलेलं नसताना आम्हाला बरोबर ठाऊक असायचं, आणि तेही आळीतच शिकलो. एका जाड मुलीला सहावीपर्यंत जे नाव पडलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ती मुलगी मी होते.

"आपोआप शिकतात" खरंच आहे. काय शिकतात तेही बघावं लागतं.

घाटमाथा
ताई, मुद्दा पोचला. चपला राखणारा आमच्याकडेही होता.

सुईदोरा
मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. धागाकर्तीच्या नेमक्या प्रश्नावर, म्हणजे चालू खेळात बाहेरचं मूल कसं शिरतं यावर, खास अभ्यास झालेत.

मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांवर एक प्रयोग केला. दोन मुलं खेळत बसलेली, तिसरं आत सोडायचं आणि बघत राहायचं. वर्गात जी मुलं फारशी कुणाला आवडत नव्हती, ती आत आल्या आल्या स्वतःबद्दल बोलायची, आपलं मत सांगायची, "हे काय चाललंय?" म्हणून प्रश्न विचारायची किंवा "असं नाही खेळत" म्हणून दुरुस्त्या करायची. म्हणजे खेळ थांबवून सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढायची. अशा वेळी त्यांच्याकडे दुर्लक्ष व्हायचं नाहीतर त्यांना झिडकारलं जायचं. जी मुलं सगळ्यांना हवीशी होती ती आधी बघायची, काय चाललंय ते ओळखायची आणि त्या खेळाला जुळेल असंच काहीतरी बोलायची किंवा करायची. पाटीपेन्सिलताईंच्या अंगणातली "माझी भाकरी करपली" म्हणजे तेच. चालत्या एसटीत चढायचं तर आधी तिच्या वेगाने चार पावलं पळावं लागतं, समोर हात आडवा धरून ती थांबत नाही.

पालकांना मी हेच सांगते, की "मला खेळायला घेता का?" हे वाक्य दिसतं सभ्य, पण ते समोरच्याच्या हातात "नाही" म्हणायची सोय देतं. त्यापेक्षा लगोरी चालली असेल तर लांब गेलेला चेंडू धावत जाऊन आणून द्यावा. हे मात्र घरी करून बघता येतं, शिकवता येतं. तीन महिन्यांची बॅच लागत नाही.

दुसरं, नकार येणारच. विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञांनी बालवाडीत बसून मोजलं, तर खेळात शिरायच्या निम्म्याहून जास्त पहिल्या प्रयत्नांना मुलांनी विरोध केला होता. त्यात दुष्टपणा नसतो. आत्ता कुठे घर-घर रंगात आलंय, नवा आला की परत आई कोण आणि बाबा कोण ठरवत बसावं लागेल, एवढंच असतं. फरक पडतो तो नकारानंतर. काही मुलं थोडं थांबून दुसऱ्या बाजूने येतात, काही तिथूनच घरी जातात.

तिसरी गोष्ट पालकांना सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कॉपोटेली यांनी वर्गातल्या मुलांना दोन प्रश्न विचारून गट पाडले. तुला कोण आवडतं आणि कोण आवडत नाही? त्यात दोन वेगळी मुलं समोर आली. एकाचं नाव कोणत्याच यादीत नाही. दुसऱ्याचं नाव नावडत्यांच्या यादीत भरपूर वेळा. बाहेरून दोघंही "एकटी" दिसतात. पहिलं मूल बऱ्याचदा नुसतं शांत असतं, वर्ग बदलला, एखादा मित्र मिळाला की त्याचं ठीक होतं. दुसऱ्याला खरोखर मदत लागते, कारण तिथे मारामारी, हिसकावणं, चटकन भडकणं असं काहीतरी चालू असतं आणि प्रत्येक वर्षी नवा वर्ग त्याला जुन्याच नजरेने बघतो. गवतीचहा, तुमचा लेक मला पहिल्या गटातला वाटतोय. खारीबिस्कीट, चार वर्षांच्या मिठीला एवढ्यात कुठल्या गटात घालू नका. :) मिठीआधी हात पुढे करायचा खेळ घरी खेळा, एवढं पुरे.

गवतीचहा
सुईदोरा, हे वाचून आज गॅलरीत नीट बसले. नवीन कळलं ते असं. एक, खेळ हिंदी-इंग्रजीत चालतो आणि "डेन कौन देगा?" असा ओरडा होतो. राज्य देणं आणि डेन देणं एकच आहे हे त्याला उमगलंय की नाही, शंकाच आहे. दोन, खेळ दर दहा मिनिटांनी बदलतो. तीन, त्याच्यासारखाच अजून एक जण उभा असतो, लिफ्टच्या दाराशी. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

सुईदोरा
तीन नंबर तुमचा हुकमी एक्का. पंधरांच्या घोळक्यात शिरण्यापेक्षा एकाशी जुळणं कैक पटीने सोपं. त्या मुलाच्या आईची गाठ घ्या, रविवारी दोघांना घरी बसवा. पत्ते, कॅरम, काहीही, पण हाताला काम हवं. "बोला रे एकमेकांशी" म्हणून समोरासमोर बसवू नका. आणि खेळांचे नियम जेवताना समजावून टाका. एवढ्या तेवढ्यावरूनही मुलं अडतात.

कालव्याकाठी
नेदरलँड्समधून. इथे बुधवारी प्राथमिक शाळा दुपारीच सुटते आणि शाळेच्या फाटकाशी पोरांचा बाजार भरतो, आज कोण कुणाकडे खेळायला जाणार ते ठरतं. मुलं स्वतः ठरवतात, आईबाप मान हलवतात, संध्याकाळी ज्याचं त्याने घेऊन जायचं. आम्ही नवीन आलो तेव्हा लेकीला डच अजिबात येत नव्हतं. चित्र काढणं आणि शिवाशिवी एवढ्या भांडवलावर तिचं पहिलं वर्ष निघालं.

पण इथलं सगळं गोड आहे असं नाही. सगळं वेळ ठरवून. सहज म्हणून कुणाच्या दारात उभं राहता येत नाही. नवीन कुटुंबाला फाटकाशी उभं राहून आधी आईबापांच्या घोळक्यात शिरावं लागतं. ते मला पोरीपेक्षा जड गेलं.

खारीबिस्कीट
अवांतर: "आईबापांच्या घोळक्यात शिरावं लागतं" ह्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

घाटमाथा
पाटीपेन्सिलबाई, तुम्ही कोसबाडचं लिहाल असं वाटलं होतं.

पाटीपेन्सिल
लिहिणारच होते. ताराबाई मोडक १९४५ ला बोर्डीला गेल्या आणि १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आणि थोरल्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन घरी अडकतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, ती विकासवाडी. थोरलीला शिकता यावं म्हणून केलेली सोय, पण तिचा एक फायदा असा, की सगळ्या वयांची पोरं एकमेकांच्या नजरेसमोर राहिली. माँटेसोरीच्या वर्गातही तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र असतात. आता "ज्युनिअर केजी ए" आणि "ज्युनिअर केजी बी" यांच्या डब्याच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. कशासाठी, ते शाळेलाच माहीत.

उकडीचा
हे सगळं ठीक. पण मूल एकटं राहतं ते त्याला आवडतं म्हणून, की जमत नाही म्हणून, की आणखी काही आहे म्हणून, हे कसं ओळखायचं? माझ्या भाच्याला सगळे "लाजाळू" म्हणत राहिले आणि साडेचार वर्षांचा झाल्यावर कळलं की तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे.

सुईदोरा
उकडीचा, चांगलं केलंत विचारलंत. मूल वर्षाचं होऊन गेलं तरी नावाला वळून बघत नाही, हवी ती वस्तू किंवा गंमत बोट करून दाखवत नाही, बोलत असलेले शब्द बोलेनासं झालंय, असं दिसलं तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका, विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. त्यातली पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) केंद्रांत असतात. खासगीत जायची ऐपत नाही म्हणून थांबू नका.

आणि स्वमग्न मुलाला "सर्वसामान्य" दिसायला शिकवणं म्हणजे मदत नव्हे. तुमच्या भाच्याला रेल्वेचं वेड असेल, तर रेल्वेचं वेड असलेला दुसरा मुलगा शोधा. डोळ्यात डोळे घालून बोलण्याची सक्ती करू नका.

एकटं राहणं आवडतं की नाही, ह्याची माझी कसोटी साधी आहे. एकटं असताना मूल रमलेलं आहे का? किडे बघतंय, चित्र काढतंय, स्वतःशी बडबडतंय, तर त्याला राहू द्या. घोळक्यावर डोळे लावून उभं असेल, तर त्याला आत जायचंय.

रानमेवा
आमचा प्रश्न पुढचा आहे. चौथीतल्या मुलाला वर्गातले तिघं रोज चिडवतात, दप्तर लपवतात. शाळा म्हणते "मुलांचं मुलांत असतं". आम्ही त्याला कराटेला घातलंय.

तिरफळ
कराटे आवडत असेल तर चालू दे, पण त्या तिघांवर तो उतारा नाही. टोरांटोमध्ये शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून केलेला एक अभ्यास मला पाठ आहे, कारण मी तो बऱ्याच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलाय. हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग, २००१. छळाच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं बघत उभी होती. मध्ये पडायची ती फक्त १९ टक्के वेळा. पण कुणी पडलंच, तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! म्हणजे तुमच्या मुलाला नव्हे, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला तयार करायचंय. वर्गात एक मूल "ए, दे त्याचं दप्तर" म्हणणारं निघालं पाहिजे.

आमच्या चाळीत ते वाक्य म्हणणारी एक मुलगी होती. सातवीत आली. मला पडलेलं नाव सातवीत बंद झालं ते तिच्यामुळे.

शाळेला लेखी द्या, तारीख-वार प्रसंग लिहून. तोंडी सांगितलेलं "मुलांचं मुलांत" राहतं.

सुईदोरा
तिरफळला अनुमोदन. फक्त भर एवढीच, की मध्ये पडणाऱ्या मुलाने मारामारी करायची नसते. छळ सोसणाऱ्याला "चल, आपण तिकडे जाऊ" म्हणून बाजूला नेणं पुष्कळ वेळा पुरतं.

विंगेतला
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इथे सगळे काका-काकू दिसतायत, तरी लिहितो. लहान मुलांना निदान आई गॅलरीतून बघते. अठराव्या वर्षी लातूरहून पुण्यात आलेल्या पोराला कुणी बघत नाही. पहिलं सेमिस्टर मी मेसमध्ये मोबाईलकडे बघत जेवलो. तोंडओळखी शंभर, मित्र एक नाही.

मग कॉलेजच्या पुरुषोत्तमच्या टीममध्ये घुसलो. अभिनयबिभिनय नाही, खिळे ठोकायला माणूस हवा होता. (बाहेरच्यांसाठी: पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातली महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनची.) रोज संध्याकाळी तालीम, मग चहा, मग परत तालीम. नेपथ्याचे फ्लॅट उचलायला दोन माणसं लागतात, आणि जिन्यावरून चौथ्यांदा तोच फ्लॅट नेताना समोरच्याशी बोलावंच लागतं. "तुझी बाजू खाली घे" ह्या वाक्यापासून माझ्या आत्ताच्या सगळ्यात जवळच्या मित्राशी ओळख झाली. स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिर या नाट्यगृहात "अरे आव्वाज कुणाचा" ओरडताना माझा घसा बसला तो मी कुणाशी तरी बोलतोय म्हणूनच.

नंतर वाचलं की जेफ्री हॉल नावाच्या कॅन्सस विद्यापीठातल्या प्राध्यापकाने हिशेब मांडलाय. नुसत्या ओळखीचा वरवरचा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावा असं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाचा व्हायला २०० च्या वर. नुसतं शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत, गप्पा आणि रिकामटेकडेपणा लागतो. तालमीत तोच तर भरपूर असतो. माझ्या रूममेटला तो ढोलपथकात मिळाला. गणपतीच्या आधी नदीकाठी सराव, हाताला फोड, आणि सरावानंतर वडापावच्या गाडीवर अर्धा तास.

काका-काकूंना विनंती, "अभ्यास सोडून हे काय" म्हणून पोरांना ह्यातून काढू नका.

घाटमाथा
विंगेतला, मला काका म्हणालास तरी चालेल, प्रतिसाद झकास आहे. ढोलांच्या आवाजाबद्दल मात्र वेगळ्या धाग्यावर भांडू.

सांजसावली
मुलगी नववीत. वर्गातल्या पाच जणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. आता कळलं की चौघींनी नवीन ग्रुप काढलाय आणि जुन्यावर कुणी काही टाकत नाही. जुना ग्रुप बंद केलेला नाही, हिला काढलेलंही नाही. रोज रात्री ती तो उघडून बघते. मी त्यातल्या एकीच्या आईला चांगली ओळखते, फोन करू का?

विंगेतला
काकू, प्लीज नको. फोन केलात तर दुसऱ्या दिवशी त्या चौघी वर्गात तिच्यापासून आणखी लांब बसतील.

तिरफळ
फोन नको ह्याला अनुमोदन. पण "एवढंसं काय मनाला लावून घेतेस" असंही म्हणू नका. किपलिंग विल्यम्स यांचे चेंडूफेकीच्या कॉम्प्युटर गेमचे प्रयोग आहेत. तीन जण एकमेकांकडे चेंडू टाकतात आणि मग दोघं तिसऱ्याकडे टाकायचं बंद करतात, बस्स. अनोळखी माणसं, फुटकळ गेम. तरी वाईट वाटतं. समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच टाकतोय असं सांगितलं तरीही वाटतं. तुमच्या मुलीला तर रोज भेटणाऱ्या चौघींनी चेंडू टाकणं बंद केलंय.

सुईदोरा
सांजसावली, सल्ला न देता ऐकून घ्या, हे पहिलं. नववीत गट फुटतात आणि परत जुळतात. तिने त्यातल्या एकीशी, जी त्यातल्या त्यात मऊ आहे तिच्याशी, एकटीने बोलावं, चौघींसमोर नाही. आणि शाळेबाहेरचं एक वर्तुळ हवंच, खो-खोचं मैदान, गाण्याचा क्लास, चुलत-मावस भावंडं, काहीही. एकाच टोपलीत मैत्री असलेल्या मुलांचे ह्या वयात फार हाल होतात. झोप, जेवण उडालं, शाळेत जायलाच नको म्हणायला लागली, आणि हे दोनेक आठवडे टिकलं, तर समुपदेशकाकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

सांजसावली
आभार सगळ्यांचे. मावसबहीण दिवाळीला येतेय, दोघींचं छान जमतं. तिला दोन दिवस आधीच बोलावते.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितो. दिवाळीचा विषय निघालाच आहे तर आमचा नरकासुर. नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा, म्हणून आधी कित्येक रात्री वाड्यावरची पोरं तो बांधत बसतात. सांगाडा आणि गवत भरणं थोरल्यांचं, मुखवटा ज्याचा हात चांगला त्याचा, आणि वर्तमानपत्राचे कागद खळीने चिकटवणं बारक्यांचं. नवीन राहायला आलेलं पोर कुणाला विचारत नाही, खळीची बादली धरून उभं राहतं. वाड्यावरच्या नरकासुरासाठी हात जितके असतील तितके कमीच पडतात. आता मोठाल्या साउंड सिस्टिम, पैशांच्या स्पर्धा आणि रात्रभर धिंगाणा ह्याने तो बिघडलाय हेही खरं, पण खळीची बादली अजून आहे.

पाटीपेन्सिल
मांडवीकाठ, किती छान! गवतीचहा, ह्यांचा नरकासुर तर आपला किल्ला. दिवाळी तोंडावर आली आहे. सोसायटीत किल्ला करायला घ्या. माती चाळायला एक, दगड रचायला दोन, गोणपाट चिखलात बुडवून डोंगरावर पसरायला तीन जण, पायऱ्या कोरायला नाजूक हाताचा एक. मोहरी आणि अळीव पेरायला सगळ्यात लहान, चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं आणि त्याचं नाव होतं. भुयार कुठून काढायचं ह्यावर भांडण ठरलेलं. ते होऊ द्या. एरवी बोलायला घाबरणारं पोरसुद्धा "बुरूज ढासळला!" असं मोठ्यांदा ओरडतं.

गवतीचहा
बाई, कल्पना अगदी पटली. लिफ्टजवळच्या मुलाच्या आईला भेटले, ते जबलपूरचे आहेत, किल्ला म्हणजे काय ते फोटो दाखवून सांगितलं. तीही तयार झाली, माती कुठे मिळेल म्हणून तीच विचारतेय. पण कमिटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, पार्किंगच्या टाइल्स खराब होतात, माती आणायची नाही, हवा तर थर्माकोलचा रेडीमेड किल्ला क्लबहाउसमध्ये ठेवा.

घाटमाथा
थर्माकोलच्या किल्ल्यात पोरांनी करायचं काय, किंमतीचं लेबल काढायचं?

अर्ज असा करा. खाली जाड ताडपत्री, कडेने विटा, पाणी बादलीनेच, पाइप नाही. भाऊबीजेनंतर आठवड्याच्या आत माती सोसायटीच्याच बागेत पसरू. चार पालकांच्या सह्या, त्यातला एक तरी कमिटीतला. सेक्रेटरींचा नातू असेल तर त्याला सरदार करा. आणि चित्रं मॉलमधून आणू नका. कसब्यात कुंभारवाड्यात जा, पोरांना घेऊनच जा. मावळे कोणते घ्यायचे, तोफ एक की दोन, हे तिथे त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही चहा पीत उभ्या राहा.

उकडीचा
वाकडला राहतो, तुमच्यापासून लांब नाही. गेल्या वर्षीची चाळलेली लाल माती गच्चीवर दोन पोती पडून आहे, ताडपत्रीही आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी गाडीत टाकून आणतो. भाचाही येईल. त्याला डोंगरावरून जाणारी रेल्वे करायची आहे, चालेल ना किल्ल्याला?

गवतीचहा
पळेल. लेकाला विचारलं, म्हणतो बोगदा तो खणणार. व्यनि केलाय.